सहा, सात की साडेआठ फूट? एका कॅम्पर ट्रेलरच्या रुंदीचं प्रकरण

दादांचा फोन आला तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. "साडेआठ फुटी घेतोय. तू फक्त आत काय कुठे बसवायचं तेवढं सांग." मी विचारलं, "दादा, रात्री आधी कोण उठतं, तुम्ही की वहिनी?" पलीकडे क्षणभर शांतता. मग वहिनींचा आवाज आला, "मी. दोनदा तरी."

या प्रकरणातला खरा निर्णय त्या उत्तरापासून सुरू झाला. पुढचे तीन आठवडे आम्ही ज्या मोजमापांवर खल केला त्यातलं जवळजवळ प्रत्येक माप रात्री दोनला उठणाऱ्या माणसाशी येऊन थांबलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे. मालवाहू ट्रेलरचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, करणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ रुंदीपाशीच होतो, आणि लाकूडकाम चुकलं तर पुन्हा करता येतं, ट्रेलरची रुंदी मात्र नंतर बदलता येत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. दादा-वहिनी अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतात, नात्याने माझे कोणी नाहीत, पण बारा वर्षांच्या ओळखीत हीच नावं पडली. दोघंही नुकतेच निवृत्त. दादा ५ फूट १० इंच, वहिनी ५ फूट २ इंच. वहिनींचा उजवा गुडघा दुखरा आहे. बसल्यावरून उठताना हाताला आधार लागतो. घरी एक जुना हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला पिकअप आहे, व्ही-८ इंजिनाचा, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) नसलेला. दहा-पंधरा दिवसांच्या सहली काढायच्या, युटामधले लाल दगडांचे प्रदेश, यलोस्टोन, जमलं तर मोंटानातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान. मोठ्या आर.व्ही. पार्कांत (फिरत्या घरांच्या तळांवर) न राहता जंगलखात्याच्या साध्या तळांवर मुक्काम करायचा. मी याआधी असे दोन ट्रेलर राहण्याजोगे केले आहेत, एक सहा फुटी माझा स्वतःचा आणि एक मित्राचा. एवढ्याच भांडवलावर मला बोलावलं होतं.

ज्यांनी हा ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चारी बाजूंनी बंद असलेली पेटी, आत स्टीलच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड. मोटारसायकली, अवजारं, घरसामान वाहायला बनवलेली वस्तू. अमेरिकेत बरेच लोक ही रिकामी पेटी विकत घेऊन तिच्यात पलंग, ओटा, खिडक्या, बॅटरी बसवतात. तयार कॅम्परपेक्षा सांगाडा दणकट मिळतो आणि आतली मांडणी पूर्णपणे आपल्या हातात राहते. मात्र पेटी राहण्यासाठी बनवलेली नसल्यामुळे तिच्या पाटीवरची मापंही राहणाऱ्याच्या सोयीची नसतात.

पाटीवरचा आकडा काय सांगतो

दादांसमोर तीन पर्याय होते: सहा बाय बारा, सात बाय बारा किंवा चौदा, आणि साडेआठ बाय सोळा. विक्रेत्याने त्यांना सांगितलं होतं की सात फुटी म्हणजे आत सात फूट. तसं नसतं. हा आकडा साधारणपणे पेटीच्या बाहेरच्या अंगाचा असतो. सहा फुटीत भिंतीपासून भिंतीपर्यंत आत ६८ ते ७० इंच मिळतात, म्हणजे पावणेसहा फुटांच्या आसपास. सात फुटीत ८० ते ८१ इंच. साडेआठ फुटीत सुमारे ९६ इंच. कंपनीगणिक इंच-दोन इंच इकडेतिकडे होतात, म्हणून टेप घेऊन आत शिरल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर पलंग आखू नये.

दुसरी गोष्ट चाकांची. सहा आणि सात फुटी ट्रेलरची चाकं पेटीच्या बाहेर असतात, त्यांच्यावर फेंडर, म्हणजे पत्र्याचं झाकण. त्यामुळे सहा फुटी ट्रेलर रस्त्यावर फेंडर धरून आठ फुटांच्या जवळ जातो, आणि सात फुटी थेट १०२ इंचांना, म्हणजे साडेआठ फुटांना टेकतो. साडेआठ फुटीची चाकं पेटीच्या खाली जातात, तिथे जमिनीवर दोन्ही बाजूंना चाकांवरचे खोके आत उठून येतात, आणि त्याचीही बाहेरची रुंदी १०२ इंचच.

दादा थांबले. "म्हणजे सात आणि साडेआठ रस्त्यावर सारखेच?"

"टोकाला सारखेच. फक्त सातचं टोक मांडीच्या उंचीवर संपतं आणि साडेआठचं छपरापर्यंत जातं."

हा फरक कागदावर दिसत नाही, गाडी चालवताना पदोपदी दिसतो. सात फुटीची भिंत ८४ इंचांवर आहे. पिकअपचं अंग ८० इंचांच्या आसपास. म्हणजे भिंत पिकअपच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन इंच बाहेर डोकावते, आणि आरशातून मागचा रस्ता दिसत राहतो. साडेआठ फुटीची भिंत प्रत्येक बाजूला अकरा इंच बाहेर येते, त्यामुळे लांब हाताचे आरसे लावावेच लागतात. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर झाडाची फांदी मांडीच्या उंचीवर क्वचितच असते, खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीवर मात्र हमखास. माझ्या सहा फुटीच्या वरच्या कोपऱ्यावर अशा फांद्यांचे तीन ओरखडे आहेत, फेंडरवर एकही नाही.

१०२ इंचांचा आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण दादांनी विचारलं होतं. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्यावर मालवाहू वाहनांना ही रुंदी मान्य झाली. त्याआधी मर्यादा ९६ इंचांची होती. आडरस्त्यांवर काही राज्यांत आजही ९६ इंचांचा नियम आहे. म्हणून ज्याला मुख्य रस्ता सोडून आत शिरायचं आहे त्याने आपल्या वाटेवरच्या राज्यांचे नियम एकदा बघून घ्यावेत.

याच मापात एक छोटा फायदा दडलेला आहे. सात फुटीच्या भिंतीबाहेर, फेंडरच्या वर, दोन्ही बाजूंना सुमारे नऊ इंच हवा मोकळी असते. गुंडाळलेली ताडपत्रीची पडवी, खिडकीवरची झापड, बाहेरचा दिवा, सगळं त्या नऊ इंचांत बसतं आणि एकूण रुंदी वाढत नाही. साडेआठ फुटीवर लावलेली प्रत्येक वस्तू १०२ च्या बाहेर जाते. पडवीला बऱ्याच ठिकाणी सूट असते हे खरं, पण कॅम्पच्या अरुंद वळणावर झाडाला ती सूट माहीत नसते.

गॅरेजमधली फरशी

आकडे बोलून काही ठरेना. दादांच्या डोळ्यांसमोर साडेआठ फुटीची ऐसपैस खोली होती, आणि ती चुकीची नव्हती. शनिवारी सकाळी आम्ही पिकअप बाहेर काढला आणि गॅरेजच्या फरशीवर मास्किंग टेपने तिन्ही ट्रेलरच्या आतल्या कडा आखल्या. उंचीच्या जाणिवेसाठी कडेला रिकामे खोके रचले. घरातल्या दोन घडीच्या खाटा आणल्या, ३० इंच रुंदीच्या.

आधी आडवा पलंग करून बघितला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ट्रेलरच्या रुंदीच्या दिशेने झोपायचं. सहा फुटीत हे लगेच निकालात निघालं. ६८ इंचांच्या जागेत ७० इंचांचा माणूस. दादांचे गुडघे वाकलेलेच राहिले. ५ फूट ४ इंचांच्या जोडप्याला हीच मांडणी छान चालली असती, आणि सहा फुटीत आडवं झोपून आनंदात फिरणारे कितीतरी लोक आहेत. सात फुटीत दादा सरळ झोपले, डोक्याशी उशीलाही जागा उरली. आडव्या पलंगाचा मोठा गुण हा की तो लांबी वाचवतो: पलंग ट्रेलरच्या लांबीतली ५४ इंचच खातो, उभा टाकला तर ७५. म्हणून सात बाय बारात जवळजवळ तेवढंच घर मावतं जेवढं सहा बाय चौदात. हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ते सहा फुटी घेऊन लांबी वाढवत जातात आणि शेवटी मागे वळवायला त्रास देणारा लांबलचक बोळ ओढत फिरतात.

पण आडव्या पलंगावर भिंतीकडचा माणूस उठला की दुसऱ्याला ओलांडावं लागतं. वहिनी कडेला झोपल्या तर त्यांचा प्रश्न सुटतो, पण दादा पहाटे पाचला उठतात. वहिनी म्हणाल्या, "रात्री मी यांना उठवणार आणि पहाटे हे मला. पंधरा दिवसांत दोघांची झोप संपेल."

मग दोन खाटा उभ्या टाकल्या, दोन्ही भिंतींना लागून, मधून वाट. सहा फुटीत मधे सात-आठ इंच उरले. पाय तिरका ठेवूनही उभं राहता येईना. साडेआठ फुटीत मधे तीन फुटांच्या जवळ वाट उरली. आणि सात फुटीत वीस इंच.

दादांना वाटत होतं की वहिनी तीन फुटांचीच वाट निवडणार. मलाही तसंच वाटत होतं. वहिनी साडेआठच्या खाटेवर बसल्या, उठू लागल्या, आणि अर्ध्यात थांबल्या. डावा हात खाटेवर होता, उजवा हात हवेत. "इथे दुसरा हात कुठे ठेवू?" समोरची खाट हाताच्या पल्ल्याबाहेर होती. मग त्या सातच्या आखणीत येऊन बसल्या. एक हात स्वतःच्या खाटेच्या कडेवर, दुसरा थोडं पुढे झुकून समोरच्या कडेवर, आणि एका दमात उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. चार वेळा करून बघितलं.

चौदा इंचांची वाटही करून पाहिली, कारण दादांना जाड गाद्या आणि रुंद पलंग हवे होते. चौदा इंचांत त्यांना अंग आडवं करून सरकावं लागलं आणि गुडघा वळताना दुखला. वीसमध्ये सरळ चालता आलं. म्हणजे पायांना वीस इंचांच्या खाली चालत नव्हतं, आणि हातांना त्याच्या फार वर. त्या सकाळी पहिल्यांदा स्पष्ट झालं की आपण मोठी किंवा छोटी जागा निवडत नाही आहोत. एका विशिष्ट माणसाच्या हाता-गुडघ्याला जुळणारं माप शोधतो आहोत, आणि तेही रात्री, अंधारात, झोपेत असताना.

ज्याचा गुडघा धड आहे, किंवा ज्याला व्हीलचेअर फिरवायची आहे, त्याचं उत्तर वेगळं येईल. चाकाच्या खुर्चीला साडेआठशिवाय पर्याय नाही असं मी म्हणेन. दोन मुलं असती तर भिंतीवरच्या घडीच्या बंकांसाठीही मी रुंद पेटीचाच विचार केला असता.

भिंत किती इंच खाते

सात फुटीवर एकमत झाल्यावर दादांनी उत्साहाने क्वीन मापाची गादी सुचवली, कधी मुलगी बरोबर आली तर दोन खाटांमध्ये फळी टाकून एकच मोठा पलंग करू म्हणून. क्वीन गादी ६० बाय ८० इंच. कच्च्या ट्रेलरमध्ये आत साडेऐंशी इंच. कागदावर आडवी बसते, अर्धा इंच शिल्लक ठेवून.

इथे लोक फसतात, कारण साडेऐंशी इंच हे भिंतीत थर्माकोलसारखा उबेचा फोम घालण्याआधीचं माप आहे. भिंतीचे दोन मार्ग असतात. एक, कारखान्यातलं प्लायवूड उघडायचं, स्टीलच्या नळ्यांच्या मधल्या पोकळीत इंचभर जाडीचा कडक फोम बसवायचा आणि तेच प्लायवूड पुन्हा लावायचं. यात रुंदी एक सूतही जात नाही. पण नळी उघडीच राहते: बाहेरचा पत्रा, त्याला चिकटलेली स्टीलची नळी, तिला चिकटलेलं प्लायवूड. थंडी त्या नळीवाटे सरळ आत येते, आणि दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्री बरोबर नळीच्या रेघेवर पाणी होऊन बसते. माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये मी हेच केलं होतं. कोलोरॅडोतल्या ऑक्टोबरच्या एका पहाटे भिंतीवर दर सोळा इंचांवर ओल्या उभ्या पट्ट्या उमटल्या होत्या, जणू कोणी सांगाड्याचा नकाशा काढून दिला. बोट फिरवलं तर पाणी मनगटापर्यंत ओघळलं.

दुसरा मार्ग, पोकळीत फोम भरल्यावर नळ्यांच्या वरूनही सलग फोमचा थर द्यायचा आणि मग प्लायवूड. ओल थांबते, पण तो थर जितका जाड तितकी रुंदी दोन्ही भिंतींकडून जाते. इंचाचा थर दिला तर दोन इंच गेले. आम्ही अर्ध्या इंचाचा दिला. दोन भिंती मिळून एक इंच गेला आणि आतलं शेवटचं माप साडेएकोणऐंशी झालं. क्वीन गादी त्याच क्षणी बाद झाली. ७५ इंची आखूड क्वीन बसली असती, पण तोवर दोन खाटांची मांडणी पक्की झाली होती: ३० अधिक ३०, मधे साडेएकोणीस.

सहा फुटी ट्रेलरमध्ये हाच एक इंच जास्त महाग पडतो. तिथे ५ फूट ७ इंचांचा माणूस आडवा झोपू शकतो की नाही हे त्या इंचावर ठरतं. म्हणून मी आता कोणालाही आधी भिंत ठरवायला सांगतो, मग पलंग, आणि मग ट्रेलर. दुकानात नेमकं उलट्या क्रमाने चालतं.

ओढणाऱ्याची बाजू

साडेआठ फुटी बाद होण्याचं दुसरं कारण पिकअपच्या माहितीपुस्तकात सापडलं. दादांना ओढण्याच्या वजनाचा आकडा पाठ होता. त्याच पानावर खाली आणखी एक मर्यादा होती: ट्रेलरचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ ६० चौरस फुटांपेक्षा जास्त नको. ही ओळ बहुतेकजण वाचत नाहीत. साडेआठ फूट रुंद आणि सात फुटांहून किंचित उंच पेटी ६० ला जाऊन भिडते. सात फूट रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच पेटी ४७ च्या आत राहते. सहा फुटी चाळिशीच्या खाली.

हवेचा विरोध समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६५ मैलांऐवजी ७५ ने गेलं तर विरोध तिसऱ्या हिश्शाने वाढतो. इथे वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग. यलोस्टोनला जाताना वायोमिंगमधला आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० लागला तर तिथला वारा प्रसिद्ध आहे. ताशी ३० मैलांचा वारा समोरून आला तर ६५ ने चालणाऱ्या ट्रेलरला ९५ चा वारा लागतो आणि विरोध दुपटीच्या वर जातो. अशा वेळी समोरचं प्रत्येक चौरस फूट टाकीतून वसूल होतं.

चढावर मात्र वेग कमी असतो, तिथे वजन बोलतं. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता ११,००० फुटांवर चढतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ एक-तृतीयांश. रुंदी वाढली की जमीन, छप्पर, आडवे लोखंडी पट्टे, सगळंच वाढतं. आणि रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो. हे मी तिन्ही ट्रेलरमध्ये पाहिलं आहे.

दादांनी शेवटी सात बाय बारा घेतला, दोन एक्सलचा. एक एक्सलचे बरेच ट्रेलर २,९९० पौंडांच्या एकूण मर्यादेचे असतात, कारण ३,००० च्या वर अनेक राज्यांत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात. घाटात उतरताना मला ब्रेक हवेच होते, आणि त्या मर्यादेत पलंग-ओटा-पाणी-बॅटरी धरून काहीच शिल्लक उरत नव्हतं. आतली उंची ६ फूट ३ इंच ठेवली. दुकानात ६ फूट ६ इंचांची पेटीही होती, पण छताचा फोम धरूनही दादांच्या डोक्यावर दोन-तीन इंच मोकळे राहत होते, तेवढे पुरे. रुंदीत जे वाढवलं त्याची भरपाई उंचीत आणि लांबीत केली, असं म्हणता येईल.

रिकामा ट्रेलर काट्यावर २,१०० पौंड भरला. काम संपून, पाण्याची २० गॅलनची टाकी भरून, कपडे-भांडी-किराणा चढवून ३,६५०. पाणीच त्यात १६७ पौंडांचं. हिचवरचा, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडायच्या हुकावरचा भार ४६० पौंड, म्हणजे साडेबारा टक्के. दहा ते पंधराच्या मधे हवा असतो, नाहीतर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

मांडणी साधी. मागे दोन खाटा, खाली सामानाचे कप्पे. पुढे एका बाजूला वीस इंच खोलीचा ओटा, समोर छोटं शौचालय, ३२ इंची दार. पुढच्या निमुळत्या नाकात बॅटरी. वहिनींच्या सांगण्यावरून खाटांच्या आतल्या कडांना गोल लाकडी दांडी लावली, हाताच्या मुठीत बसेल अशी. फरशीवर बसून उठून पाहिलेलं ते माप, तिथे दांडी.

पहिला उन्हाळा

तीन सहली झाल्या. पहिल्याच सहलीत माझ्या हातून एक चूक झाली. पेट्रोल पंपावर मी चालवत होतो. आरशात ट्रेलरची भिंत आणि पंपापुढचा पिवळा लोखंडी खांब यांच्यात हातभर अंतर दिसत होतं, म्हणून निर्धास्त वळवलं. भिंतीबाहेरचे नऊ इंच आरशात दिसत नव्हते. खांब फेंडरला घासला, पत्रा दुमडून टायरपासून दोन बोटांवर आला. दादा एक शब्द बोलले नाहीत, हातोडी काढून दिली. सात फुटीचा हा खरा दोष आहे आणि तो खरेदीपूर्वी सांगायला मी विसरलो होतो: डोळा भिंतीवर विश्वास ठेवतो आणि धक्का फेंडरला बसतो. नंतर दोन्ही फेंडरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर नारंगी टोकाच्या लवचिक काड्या उभ्या केल्या, आरशात नेमक्या दिसतील अशा. त्यानंतर घासलं नाही.

युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानाला जायचं ठरलं तेव्हा बोगद्याचा प्रश्न आला. १९३० मध्ये पुरा झालेला झायन–माउंट कार्मेल बोगदा त्या काळच्या गाड्यांसाठी खणलेला आहे, आणि तिथे ७ फूट १० इंच ही रुंदीची सीमारेषा आहे. त्याहून रुंद वाहन मोठं धरलं जातं, त्याला तसंच जाऊ देत नाहीत. दादा म्हणाले, "सहा फुटी घेतला असता तर गेलो असतो का रे?" नसतो गेलो. फेंडर धरून सहा फुटीही साधारण आठ फुटांचा होतो. पाच फुटीच कदाचित बसला असता. ग्लेशियरच्या गोइंग-टु-द-सन रस्त्यावर तर मधल्या भागात आरशांसकट आठ फूट रुंदी आणि एकवीस फूट एकूण लांबीची मर्यादा आहे. तिथे पिकअपमागे कुठलाच ट्रेलर चालत नाही. अशा जागांसाठी ट्रेलर अरुंद घेण्यात अर्थ नाही, तो तळावर सोडून पुढे जाणं शहाणपणाचं. झायनला ते दक्षिणेकडून गेले आणि त्याच वाटेने परतले.

भिंती कोरड्या राहिल्या. सप्टेंबरात यलोस्टोनजवळ रात्री पाणी गोठलं तेव्हा मी वहिनींना फोनवर भिंतीला हात लावून बघायला सांगितलं. छतातल्या एका आडव्या पट्टीखाली ओल होती, जिथे आम्ही वरचा थर द्यायला कंटाळा केला होता. बाकी कुठे नाही.

रात्रीचं उठणं कसं चाललंय असं विचारल्यावर वहिनींनी सांगितलं की दिवा लावावा लागत नाही. दोन्ही हात आपोआप दोन्ही दांड्यांवर जातात. दादांना पहिल्या रात्रीनंतर त्यांच्या उठण्याचा पत्ताही लागलेला नाही.

एक गोष्ट राहिली आहे. थंडीत जाड पायजमे आणि मोजे चढले की साडेएकोणीस इंच थोडे अपुरे पडतात, आणि दादा २८ इंचांतही मावतात हे त्यांनी स्वतः झोपून मोजलं आहे. या रविवारी त्यांच्या बाजूची खाट आणि गादी दोन-दोन इंचांनी कापायची. दांडी आधी सोडवावी लागेल, कारण ती आता वहिनींच्या हाताच्या नेमक्या पल्ल्यावर आहे. दोन इंच मागे गेल्यावर त्यांचा हात तिथवर पोचतो का ते फरशीवर पुन्हा एकदा बसवून बघणार आहोत. टेपच्या रेघा अजून आहेत.